मोरेमामांना शुभेच्छा

आता काय सांगू तुम्हाला, एका आडनावाने सातपूरमध्ये माझी जी शोभा केली ना, तशी दुश्मनानेही केली नसती!

आमच्या कारखान्यातले मोरेमामा त्या दिवशी रिटायर होणार होते. कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे. देवरे साहेब म्हणाले, "मोरेंना कंपनीतर्फे निवृत्तीच्या शुभेच्छांचा मेसेज टाक."

एवढंच काम हो! पण आमचा डेटाबेस? विचारूच नका! कुणी नाव कॅपिटलमध्ये ठोकलेलं, कुणी स्मॉलमध्ये. वर नाव, खातं, साहेबांचा इंग्रजी शेरा, सगळं एकाच रकान्यात कोंबलेलं.

मी म्हटलं, डोकं कशाला लावा? क्वेरी लिहिली : कॅपिटल-स्मॉल बघू नकोस, एम-ओ-आर-ई ही चार अक्षरं दिसतील त्या प्रत्येकाला मेसेज धाड. कंपनीत मोरे एकच. तपासायचं काय त्यात?

चहा संपायच्या आत लेथवरचे मोरेश्वरभाऊ दारात. "काय रे, मला हाकलायची लय घाई झाली का तुला?"

मोरेश्वर! घ्या, त्यातही मोरे!

त्यांना समजावतोय तोवर वेल्डिंगचा किसन धावत आला. सुरगाण्याचं पोर, नुकतंच लग्न ठरलेलं.

"सायेब, कंपनीचा मेसेज म्हून मी न वाचताच सासऱ्याला धाडला, त्यानं वाचला ना! ईचारतोय, पोरगा रिटायर झाला तर वय काय त्याचं? सोयरीक मोडंल माझी!"

किसनचा रेकॉर्ड उघडला. शेरा होता, 'नीड्स मोअर ट्रेनिंग.' अरे देवा! इंग्रजीत मोरे आणि मोअर, दोघांचं स्पेलिंग एकच! आणि कुठल्या साहेबाला 'मोअर' लिहिल्याशिवाय शेरा पूर्ण झाल्यासारखा वाटतो, सांगा मला?

किसनच्या सासऱ्यांची मी फोनवर अक्षरशः हात जोडून माफी मागितली. तोवर बाहेर अर्धा कारखाना जमलेला. खुद्द मोरेमामा आत डोकावले, "बाळा, सगळेच रिटायर झाले, मग मला हार कोण घालणार?"

शेवटी देवरे साहेब आले. "कोणाकोणाला गेलाय? यादी दाखव." वाचता वाचता थांबले.

"तुलाही गेलाय की रे."

मला? मी वाकून बघितलं. माझ्या नावापुढे शेरा, 'टॉक्स मोअर, वर्क्स लेस.'

"साहेब, हे... हे कोणी लिहिलं?"

"मीच," साहेब शांतपणे म्हणाले. "बाकीच्यांना चुकून गेला म्हणून कळव. तुझा राहू दे."