कारभारीण

माझ्या धाकट्या जावेला मी कारभारीण म्हणते, अर्थात तिच्या पाठीमागे. मोटार घेतली तेव्हा मला म्हणाली, "ताई, यात माझं काय आहे? सगळं प्रभूचं. मी नुसती कारभारीण." मग काय, प्रभूच्या मोटारीत ती पुढच्या सीटवर आणि मी पायी.

लग्न होऊन आली तेव्हा तिच्याकडे एक इस्त्री होती, तीही वायर सोललेली. जिन्याखाली उभी राहून शेजाऱ्यापाजाऱ्यांचे शर्ट करायची. आज हमरस्त्यावर तिची लाँड्री आहे, धुवायची दोन मशिनं, वाळवायचं एक. आणि कॉलर अशी करते की घालणाऱ्याची मान आपोआप ताठ व्हावी. हे मी मान्य करते, पण फक्त इथे. आमचं शिवणकामाचं दुकान मात्र होतं तिथेच आहे. पँटी आखूड करा, चेन बदलून द्या.

आता मला सांगा, देवाच्या घरी काही न्याय आहे की नाही? मी चर्चमधली रविवारची एक उपासना चुकवली नाही. पोटाला चिमटा काढून कमाईचा दशांश चर्चला दिला. ही प्रवचनात पेंगायची, मी कोपराने ढोसून उठवलंय. आणि भरभराट कोणाची? पाळकसाहेबांना विचारलं, तर म्हणाले, "देव संपत्ती बक्षीस म्हणून देत नाही, सांभाळायला देतो." म्हटलं, मग मला द्यायला काय झालं? मी काय सांडून टाकणार होते? पाळकसाहेब चहा पीत राहिले.

चर्चमध्ये मंडळीपुढे ती प्रभूने काय काय दिलं त्याची साक्ष द्यायला उभी राहिली की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आवाज कसा मऊ, नजर खाली. एकदा तरी हिच्यावर अशी वेळ यावी, हे 'प्रभूचं, प्रभूचं' बंद पडावं आणि 'माझं गेलं हो' म्हणून हिने गळा काढावा, एवढंच मला बघायचं होतं. फार काही मागत नव्हते.

त्या रविवारी उपासना चालू असतानाच कोणीतरी धावत आलं. लाँड्रीतून धूर येतोय, शॉर्टसर्किट झालंय. दीर आणि ती पळाले. मी शेवटचं गीत संपेपर्यंत थांबले, केस सारखे केले आणि निघाले. वाटेत कळलं, यंदा विमा भरायचा राहून गेला होता. एवढी मोठी कारभारीण, आणि विमा विसरली! खोटं कशाला बोलू, माझी पावलं भराभर पडायला लागली.

पोचले तेव्हा आग विझली होती. मशिनं काळीठिक्कर. ती फुटपाथवर बसली होती, भोवती ओल्या कपड्यांचे ढीग, आणि एकेका कपड्याची नंबराची चिठ्ठी शोधत होती. हातांवर फोड आलेले.

दीर म्हणाला, "वहिनी, ही आत शिरली आणि गिऱ्हाइकांचे कपडे तेवढे बाहेर फेकत सुटली. गल्ल्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही."

मी तिच्या शेजारी टेकले. वाट पाहिली. तिचे डोळे कोरडेच.

"मशिनं गेली गं तुझी," मी आठवण करून दिली.

"गेली खरी, ताई. पुन्हा घेता आली तर घेऊ. पण हे कपडे लोकांचे आहेत. उद्या मागायला येतील, त्यांना काय सांगू?"

म्हणजे सगळं जळून गेलं तरी हिचंच वर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "ताई, खरं सांगा. बरं वाटलं ना?"

नाही म्हणायला तोंड उघडलं, पण समोर ते हात होते. "थोडं," मी म्हणाले.

ती हसली. साक्षीतल्यासारखं मऊ नाही, चांगली खदखदून. मग एक भिजलेली चादर उचलली आणि एक टोक माझ्याकडे टाकलं. "मग लागा पिळायला. मला एकटीला जमायचं नाही."

मी मुद्दाम जोरात पीळ दिला. ती कळवळली, पण टोक सोडलं नाही. मग मीही नाही सोडलं. ढीग संपेपर्यंत दोघींपैकी कोणीच सोडलं नाही.