लोटनभाऊ आणि गुरुवारची गाडी

लोटन मूळचा धुळ्याकडचा. तिथे बॅटरीच्या दुकानात तो हाताखाली राहिला, मग वायरिंग शिकला, आणि लग्नानंतर नशिराबादला हायवेच्या कडेला त्याने स्वतःचं गॅरेज टाकलं. माणूस कमी बोलणारा. इथल्या लोकांची बोली वेगळी, त्यामुळे अहिराणी बोलणं व्हायचं ते फक्त घरात, बायकोशी, भिकुबाईशी. चार वर्षांपूर्वी भिकुबाई गेली. मुलगी दिपमाला सुरतला. तिची मुलं हिंदीत बोलतात. तेव्हापासून लोटनच्या तोंडून अहिराणी शब्द निघायचा तो हातातून पाना निसटून पायावर पडला तरच.

लखीचंदशेठ त्याच्याकडे पहिल्यांदा आले ते एका गुरुवारी. वय चौऱ्याहत्तर. अमळनेरला चाळीस वर्षं कापडाचं दुकान चालवलेले मारवाडी गृहस्थ. दुकान विकून मुलाने, रोनकने, त्यांना जळगावला फ्लॅट घेऊन दिला आणि स्वतः पुण्याला नोकरीवर गेला. दर गुरुवारी शेठ एकटेच गाडी चालवत मुक्ताईनगरला बहिणीकडे, पानबाईकडे, जात.

"गाडीमा भूत शे, भाऊ," ते म्हणाले. "चालता चालता काटा खाले पडस, बठ्ठा लाईट लागतस, दरवाजा आपेआप लॉक व्हतस. नि मंग कायच नही."

लोटनने हातातला पाना खाली ठेवला. गावाकडची बोली, तीही इतकी सफाईदार, एका शेठच्या तोंडून.

"तुम्हले येस का अहिराणी?"

"चाळीस वरीस गिऱ्हाइकसंगे काय इंग्रजी बोलतू?"

त्या दिवशी लोटनने गाडी तपासली. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बोटभर लांबीचं एक यंत्र खोचलेलं होतं. रोनकने लावलेलं. गाडी कुठे आहे, बॅटरी कशी आहे, हे त्याला पुण्यात मोबाईलवर दिसायचं. लोटनने ते काढून बाजूला ठेवलं, तिथे दोष शोधणारा आपला स्कॅनर लावला, तासभर इंजिन चालू ठेवलं. काहीच दोष नाही. बॅटरीच्या तारा घट्ट केल्या, रोनकचं यंत्र जागच्या जागी लावलं आणि गाडी दिली.

पुढच्या गुरुवारी शेठ पुन्हा हजर. या वेळी लोटनने गाडी दोन दिवस ठेवून घेतली. अर्थिंगची जोडणी घासून पुसून नवी केली, स्कॅनर लावून भुसावळपर्यंत चक्कर मारली. गाडी शहाण्या बैलासारखी चालली. शेठच्या हाती गेली, की पुन्हा तेच.

शेजारचा पंक्चरवाला नथ्थू म्हणाला, "गाडीला काही झालं नाहीये. म्हाताऱ्याला बोलायला माणूस पाहिजे."

लोटनलाही तसंच वाटू लागलं होतं. खरं तर त्याची काही तक्रार नव्हती. बुधवारी संध्याकाळी तो बाकडं पुसून ठेवायचा. शेठ आले की दोघं अमळनेरच्या बाजाराबद्दल, तिथल्या बंद पडलेल्या तेलाच्या गिरण्यांबद्दल बोलत बसायचे.

अशाच एका गुरुवारी शेठ म्हणाले, "आज तुम्हीन चालाडा. मी बाजूले बसस."

वरणगाव मागे पडलं आणि लोटनच्या हाताखालीच ते घडलं. वेगाचा काटा शून्यावर आला, दिवे लागले, चारही दरवाजे खटाखट लॉक झाले. लोटनने गाडी कडेला घेतली आणि वाकून सॉकेटला हात लावला. यंत्र चांगलंच तापलेलं होतं.

तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. सॉकेट एकच. दर वेळी स्कॅनर लावायला तो आधी हे यंत्र काढायचा, म्हणजे तपासताना दोष स्वतःच्याच हाताने बाहेर ठेवायचा, आणि जाताना पुन्हा आत घालून द्यायचा. यंत्र कसलं तरी स्वस्तातलं. तापलं की ते गाडीतल्या भागांच्या निरोपांत मध्येच घुसायचं, आणि त्यांचा एकमेकांशी असलेला संपर्क तुटायचा.

खात्री करायला तो यंत्र काढून मुक्ताईनगरपर्यंत गेला. काही नाही. येताना पुन्हा लावलं. दहाव्या किलोमीटरला काटा पडला. काढलं; नशिराबादपर्यंत गाडी सरळ.

उरलेल्या वाटेवर त्याच्या मनात एक विचार येऊन गेला. कुठली तरी तार सैल आहे, पुढच्या गुरुवारी बघू, शेठना एवढंच म्हणायचं. पण गॅरेजपाशी उतरल्यावर त्याने यंत्र शेठच्या तळहातावर ठेवलं.

"भूत हाई शे. परत लावू नका."

शेठने ते उलटसुलट करून पाहिलं. "लाईट लागनात का रोनकले मोबाईलवर दिखाये. मंग तो लगेच फोन करे, पप्पा काय झालं म्हनीसन." मूठ मिटत म्हणाले, "हाई काढं तर त्याना फोन येवाव नही."

पण यंत्र तसंच ठेवलं आणि रस्त्यात मध्येच स्टिअरिंगही जड झालं तर? त्याने नंबर मागून घेतला आणि शेठसमोरच रोनकला फोन लावला. सगळं समजावून सांगितलं. रोनक चांगला बोलला, आभार मानले, म्हणाला, "काका, मी चांगल्या कंपनीचं दुसरं पाठवतो."

"यंत्र नको," लोटन म्हणाला. "तुम्हीच करत जा फोन."

"हो काका, नक्की." मीटिंग होती, त्याने फोन ठेवला.

पुढचे दोन गुरुवार शेठ पाच मिनिटं थांबून गेले. गाडी उत्तम होती. मग पानबाईला तिच्या मुलाने इंदूरला नेलं आणि शेठचं मुक्ताईनगरला जाणंच संपलं.

पावसाळा सरल्यावर लोटन सामान आणायला जळगावला गेला, तेव्हा वाट वाकडी करून फ्लॅटवर पोचला. शेठने स्वतः चहा केला. साखर जास्त झाली होती. गाडी खाली कव्हर घालून उभी होती.

"रोनकना फोन येस का?"

"येस ना. रविवारे." कप खाली ठेवत ते म्हणाले, "दर रविवारे नही."

दोघं तासभर बसले. निघताना शेठ दारापर्यंत आले. "आते कवय येशात?"

"सामान लागनं का येसू."

बसमध्ये बसल्यावर त्याच्या लक्षात आलं, दुकानदार आता सगळं सामान टेम्पोने गॅरेजवरच पाठवतो म्हणाला होता. जळगावला जायचं तसं काही कारण उरलं नव्हतं. पुढच्या महिन्यात तो काहीही आणायचं नसताना गेला.