बटणाएवढी विहीर

सरस शिजतानाचा वास ज्याने घेतला नाही, त्याला माझा त्या धंद्यावरचा राग कळायचा नाही. कातडी आणि हाडं उकळून केलेला तो गोंद. डब्यात डबा ठेवून गरम करायचा आणि दिवसभर त्याच्यावर वाकून बसायचं. घरी गेलो की आई दारातच थांबवायची, आधी आंघोळ, मग ताट. घाटकोपरला एका लाकडाच्या वखारीमागे आमची पत्र्याची शेड होती. तिथे मी एका आर्किटेक्ट साहेबांसाठी इमारतींची मॉडेलं करायचो. पन्नासच्या दशकातली गोष्ट. उपनगरांत जिकडेतिकडे हाउसिंग सोसायट्या निघत होत्या, आणि नाव नोंदवायच्या आधी लोकांना आपली इमारत निदान पुठ्ठ्याची तरी बघायची असायची.

मला एक खोड होती. साहेबांना हवी असायची भिंत, खिडकी, छप्पर आणि भरपूर झाडं. झाडं मी वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीची करायचो, हिरव्या रंगात बुडवून. पण तेवढ्यावर माझं भागत नसे. गॅलरीत कपडे वाळत घालायची दोरी हवीच, ती मी रेशमाच्या धाग्याची ताणायचो. मोरीत बादली हवी. आमच्या मापात बादली मोहरीच्या दाण्याएवढी व्हायची, आणि तिला कडी लावायला मी अख्खी दुपार घालवलेली आहे. खिडकीतून डोळा लावून बघितलं तरच ती दिसायची. डोळा कोणीही लावला नाही.

लोक काय बघायचे ते सांगतो. ‘आमचा ब्लॉक कुठला?’ एवढंच. मग त्या ब्लॉकवर बोट. बोटाला वड्याचं तेल, तपकीर, काय वाटेल ते. मोटार कुठे उभी करायची, असं विचारणाऱ्याकडे सायकलही नसायची. चेंबूरच्या एका सोसायटीत तर चेअरमनबाईंनी मॉडेलची यथासांग पूजा केली. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार गच्चीवर टाकला आणि शेजारीच नारळ फोडला. पाणी थेट माझ्या जिन्यांवर. मी खळीत मोरचूद घालायचो, म्हणजे झुरळं पुठ्ठा खात नाहीत; नारळाच्या पाण्यावर मात्र माझ्याकडे इलाज नव्हता. चौथ्या दिवशी त्या इमारतीला बुरशी आली, मुंग्या लागल्या, आणि मीच ते सगळं चिमट्याने साफ करत बसलो. मला माणसांची शिसारी यायची ती अशी. बघतात, पण कशाकडेच बघत नाहीत.

मग मुलुंडचं काम आलं. डोंगराच्या अंगाला उताराची जमीन, तिच्यावर सहा इमारती. पाण्याचा नळ अजून तिथवर आला नव्हता. जागेत एक जुनी विहीर होती, तिचंच पाणी सगळ्यांनी प्यायचं होतं. उतार दाखवायला आम्ही पुठ्ठ्याचे थर एकावर एक चिकटवतो, एक थर म्हणजे एक फूट उंची. विहीर तिसऱ्या थरावर आली. बटणाएवढी. मी तिला दगडी कठडा केला, घड्याळातल्या चक्राचा रहाट बसवला, तळाशी काचेचा तुकडा. वेगळ्या नकाशावर संडासाची टाकी होती. ती मॉडेलमध्ये दाखवायला मला कोणी सांगितलेलं नव्हतं, खोड म्हणून मी ती केली, झाकणासकट, आणि वासाच्या नळीसाठी एक टाचणी खोचली. नकाशाप्रमाणे ती नवव्या थरावर बसली. बरोबर विहिरीच्या डोक्यावर. टाकी एका कागदावर आणि विहीर दुसऱ्या कागदावर असल्यामुळे दोन्ही एकत्र कोणीच बघितल्या नव्हत्या. पहिला बघणारा मी.

सहा फूट वर सगळ्यांची घाण, खाली सगळ्यांचं पिण्याचं पाणी. मी साहेबांना दाखवलं. साहेब पुण्याचे, स्वच्छ बोलणारे. ते म्हणाले, “अहो, टाकी पक्की आहे, झिरपणार नाही. शिवाय दोन वर्षांत नळ येतोय. टाकी हलवली तर एक इमारत कमी होते. कमिटी ऐकेल का?”

“पण साहेब, पावसात—”

“तुम्ही मॉडेल करा. आणि रविवारी ते सभासदांना दाखवू तेव्हा मांडवात कोणापुढे हे काढू नका.”

महिनाभरापूर्वीच त्यांनी मला नोकरीत कायम केलं होतं. मी मॉडेल पुरं केलं. स्वतःची समजूत अशी घातली की दोन्ही गोष्टी मॉडेलमध्ये आहेतच, मी काही लपवलेलं नाही. ज्याला डोळे असतील तो बघेल.

रविवारी मुलुंडला मोकळ्या जागेवर मांडव होता. नेहमीचं सगळं झालं. आमचा ब्लॉक कुठला, गॅलरी रस्त्याकडे का नाही, एकाने झाड उपटून पोराला दिलं. मी कडेला उभा राहून दात आवळत होतो. तेवढ्यात एक म्हातारी बाई आली, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, बरोबर कारकुनासारखा दिसणारा मुलगा. तिने आपला ब्लॉक विचारला नाही. ती टेबलाशी उकिडवी बसली, डोळे मॉडेलच्या पातळीला आणले, आणि एक बोट, न टेकवता, थरांवरून खाली नेलं.

“रे झिला,” ती मला म्हणाली, “ही बाव मां?”

आम्ही घरी मालवणीच बोलायचो. विहिरीला माझी आई बावच म्हणायची. इतक्या वर्षांत मी केलेली वस्तू कोणी नाव घेऊन ओळखल्याची ती पहिलीच वेळ.

“आणि ही वर संडासाची टाकी मां?” तिने टाचणी दाखवली. “टाकी वर नि बाव खाली? मगे पावसात सगळा पानी खंय जातला?”

शेजारी एकाला ब्लॉक दाखवत असलेले साहेब वळले; त्यांच्या कानावर ‘बाव’ एवढंच पडलं होतं. त्यांना मालवणीचं एक अक्षर धड कळत नव्हतं. हसून मला म्हणाले, “काय म्हणतायत आजी? बाव म्हणजे काय?”

मी म्हणालो, “बाग, साहेब. बाग कुठे करणार, विचारतायत.”

“वा! सांगा त्यांना, बाग करणार. नारळसुद्धा लावणार.”

बाईला शुद्ध मराठी कळत होती. तिने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, “झिला, तू खंयचो?”

“इथलाच,” मी म्हणालो. “मुंबईचा.”

ती आणखी काही बोलणार तोच मुलाने तिचा दंड धरला. “चल गं आई. साहेब लोकांनी बघितलंय ना सगळं? तुझं गाव नाही हे.” आणि ती गेली.

वसाहत झाली. टाकी तिथेच राहिली, नळ काही आला नाही. दुसऱ्या पावसाळ्यात तिथे काविळीची साथ आल्याचं शेडमध्ये कानावर आलं. साहेबांनी गुपचूप मापं घेऊन यायला मला पाठवलं, आता टाकी हलवायची ठरत होती. मी टेप घेऊन विहिरीपाशी वाकलो असताना एक माणूस जवळ आला. डोकं नुकतंच भादरलेलं. केस नसल्यामुळे आधी मी ओळखलं नाही.

“तुम्हीच ना ते मॉडेलवाले?” तो म्हणाला. “आईने त्या दिवशी बरोबर दाखवलं होतं हो. शेवटपर्यंत म्हणत होती, टाकी वर नि बाव खाली. मीच तिला ओढून नेली. चार माणसांत लाज वाटली मला तिच्या बोलण्याची.” त्याने डोळे पुसले. “तिचं बोलणं तिथे कोणाला कळलंच नाही. तुम्हाला तरी कळलं होतं का?”

“नाही,” मी म्हणालो, आणि टेपचं दुसरं टोक त्याच्या हातात दिलं. त्याने ते धरलं.