लग्न झालेला तलाव

गुढियारीच्या वस्तीत आम्ही सहा जण एका खोलीत राहायचो. बाबा मालधक्क्यावर पोती वाहायचे. त्या खोलीतून कॉलेजात गेलेला पहिला मीच, हे मी आजही छाती पुढे काढून सांगतो. पुढे राज्याच्या नव्या राजधानीच्या आखणीचं काम मिळालं.

मे महिन्यात एका गावाबाहेर मी सरळ रस्त्यासाठी खुंट्या ठोकून घेत होतो. वाटेत कोरडा खड्डा होता, मधोमध एक लाकडी खांब. नकाशात मी ‘पडीक जमीन’ लिहून मोकळा झालो होतो.

डोक्यावर शेणाची टोपली घेतलेली एक म्हातारी थांबली. टोपली न उतरवता तिनं पायाच्या अंगठ्यानं माझी खुंटी हलवून पाहिली.

“सडक बनेगी, दाई. ये गड्ढा पाट देंगे.” खड्डा बुजवणार, मी तिला सांगितलं.

“गड्ढा?” ती हसली. “तरिया आय, बाबू. एकर बिहाव होगे हे.”

हा तलाव आहे, याचं लग्न झालंय, म्हणत तिनं खांबाकडे बोट दाखवलं. तो आटलेला तलाव होता. गावानं त्याचं वाजतगाजत लग्न लावलं होतं आणि खांब त्या लग्नाचा होता. एवढं शिकून मी तलावाला पडीक लिहिलं होतं!

“सावन मा आबे, तब नापबे,” म्हणत ती गेली. श्रावणात ये, मग मोज.

त्याच दिवशी साहेबांपुढे चूक कबूल केली.

“काहून रे, गावात कोणाले विचारता येत नव्हतं तुले?” साहेब कडाडले.

नवा नकाशा मीच काढला. श्रावणात गेलो तेव्हा खांब अर्धा पाण्यात होता. म्हातारी पुन्हा दिसली नाही. रस्ता तलावाला वळसा घालून गेला.