ती रोमानियन लेस माझ्या आईची आहे

शैला मॅडम गेल्या आणि मला अजिबात वाईट वाटलं नाही.

आईच्या फोनवर मॅडमच्या लेसच्या क्लासचा ग्रुप आहे. परवापासून त्यावर हात जोडलेले इमोजी पडतायत. 'कलेची देवता हरपली.' 'नेरूळची शान गेली.'
शेवटी मीच म्यूट केला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते.

माझी आई पार्वती, सारसोळ्याची कोळीण. वीस वर्षं नेरूळच्या सोसायट्यांमध्ये दारोदार मासे विकतेय. शैला मॅडम तिचं बुधवारचं गिऱ्हाईक.

मॅडमचे मिस्टर नोकरीसाठी काही वर्षं रोमानियात होते. तिथल्या शेजारणीकडून मॅडम तिकडची लेस शिकून आल्या आणि पुढे घरीच क्लास काढला.

एकदा दारात पापलेट साफ करताना आईला हॉलमधल्या टेबलावरची लेस दिसली.
"मना शिकवाल?"
मॅडम हसल्या. "अगं, लेसला बांगड्याचा वास येईल!"

आई त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी. तरी 'अगं'.

पण आईने सोडलं नाही, शेवटी मॅडम हो म्हणाल्या. शनिवारी पाटी रिकामी झाली की लिंबाने हात घासायची, पार लाल होईपर्यंत, आणि क्लासला जाऊन बसायची.

काम सोपं नाही हां. आधी क्रोशाने बारीक दोरी विणायची. कापडावर डिझाईन काढायचं, त्याच्या रेघांवरून ती दोरी कच्च्या टाक्यांनी बसवायची. मग मधल्या रिकाम्या जागा सुईदोऱ्याने जाळीसारख्या भरायच्या. शेवटी कच्चे टाके कापले की कापड वेगळं, लेस वेगळी.

जाळीसारख्या!
लहानपणापासून बापाची जाळी सांधत आलेली बाई ती. तिला कोण जाळी शिकवणार?

मॅडम मन लावून शिकवायच्या, त्याबद्दल खोटं बोलणार नाही. पण टाका सैल पडला की कात्री घेऊन सरळ कापून टाकायच्या. आईचं तीन आठवड्यांचं काम त्यांनी सगळ्यांसमोर कापलं होतं.
"बरोबर हाय त्यांचं," आई म्हणाली आणि पुन्हा पहिल्यापासून बसली.

एक टेबलक्लॉथ करायला तिला दीड वर्ष लागलं. द्राक्षांचे घड, पानं, चारी बाजूंनी नाजूक किनार.
मॅडम म्हणाल्या, "वाशीला प्रदर्शन आहे, तिथे ठेवू."

आई नवी साडी नेसून गेली. मी ऑफिसमधून हाफ डे घेतला.

टेबलक्लॉथजवळ इंग्रजीत कार्ड लावलं होतं.
त्यावर मॅडमचं नाव.

आईला इंग्रजी वाचता येत नाही. तिने मला विचारलं, "माजं नाव कसं लिवलंय?"

सांगा, काय उत्तर देणार होते मी?

मॅडमना तिथेच गाठलं. त्या जराही गडबडल्या नाहीत.
"डिझाईन माझं, शिकवलं मी. आणि खरं सांगू? कोळणीने केलंय म्हटलं तर लोक याला रोमानियन लेस म्हणतील का?"

आई माझ्या मागेच उभी होती. तिने ऐकलं.

त्या दिवसापासून तिने लेसची सुई हातात घेतली नाही. टेबलक्लॉथ परत मागितला नाही. चार वर्षं झाली. बुधवारचे मासे मात्र देत राहिली. मी भांडायचे, ती म्हणायची, "तू गप."

काल क्लबहाऊसमध्ये शोकसभा होती. मी नको नको म्हणत होते, तरी आई निघाली. मग मीही गेले.

फोटोखाली तोच टेबलक्लॉथ अंथरलेला.
सेक्रेटरी माईकवर सांगत होते, "ही बघा, मॅडमच्या हातची जादू."

आई उठली.
"ती माजी हाय."

सगळे वळून बघायला लागले. सेक्रेटरी हळूच म्हणाले, "मावशी, आज नको ना."

"आजच. कोपरा उलटून बगा. दोरा संपला तवा मी जाल्याची गाठ मारलेली. ती गाठ मॅडमना येत नव्हती."

मॅडमची मुलगी प्रिया पुढे आली. तिने कोपरा उलटलासुद्धा नाही.
"काकू, मला माहीत आहे. मम्मीने तेव्हाच सांगितलं होतं."

तेव्हाच!
म्हणजे चार वर्षं घरात माहीत होतं. दर बुधवारी आईकडून सुरमई निवडून घेतली, आणि तोंडातून एक शब्द फुटला नाही कोणाच्या.

आई सरळ फोटोपाशी गेली. दोन्ही हातांनी फोटो उचलून शेजारच्या खुर्चीवर ठेवला. झेंडूच्या पाकळ्या झटकल्या. टेबलक्लॉथची नीट घडी घातली, पिशवीत टाकली आणि फोटो पुन्हा होता तिथे ठेवला.
कोणाची अडवायची हिंमत झाली नाही.

मग तिने फोटोला वाकून नमस्कार केला.

रिक्षात बसल्यावर रडायला लागली. मला वाटलं, सुटली एकदाची.

"काय बाय होती गं," ती म्हणाली. "तिनीच शिकवलंन मना. दुसऱ्या कोनी घरात पन घेतलं नसतं."

मला आईचाच राग आला. अजून आहे. ती आजही सकाळपासून डोळे पुसतेय, पाटी घेऊन बाहेर पडली नाही.

शैला मॅडम, आईचा नमस्कार तुम्हाला पोचला.
माझा येणार नाही.

जा आता.