काकांची लाल गाडी

शववाहिका चालवण्यात काकांची उभी हयात गेली. मागून कधी कुणी हॉर्न वाजवला नाही. निवृत्ती जवळ आली आणि ते शोरूममधल्या एका स्वस्तातल्या, दोन दारांच्या लाल स्पोर्ट्स गाडीवर भाळले.

ट्रायलला काकूही आल्या. गाडी इतकी बुटकी की त्यांनी सीटवर अंगच टाकून दिलं.

"रोज कामाला हीच नेणार?"

"रोज."

"आणि मागे कोण बसणार?"

"मागे कुणी नको, म्हणून तर घ्यायचीय."

काकूंनी पट्टा लावला. काका सवयीने रांगत निघाले. मागच्या टेम्पोवाल्याने कर्कश हॉर्न दिला, तसा काकांचा चेहरा खुलला.

"अहो, दाबा की जरा," काकू म्हणाल्या.

काकांनी दाबलं. काकूंनी डोळे गच्च मिटले, पण थांबा म्हणाल्या नाहीत. परतल्यावर काकांनी त्यांना दोन्ही हातांनी ओढून बाहेर काढलं.

"हीच द्या," त्या विक्रेत्याला म्हणाल्या. "मला उपसायला हे आहेत."

आता काका रोज लाल गाडीतून कामावर येतात. शवागाराच्या दारात ती बरी दिसत नाही, असं साहेबांचं मत पडलं, म्हणून ती शेजारच्या गल्लीत उभी असते.