स्ट्रक्चरमधलं ते नाव

तुमच्या आजोबांना ज्या शब्दाने हाकललं, तोच शब्द पगारासाठी दिवसभर टाइप करायला सांगितला, तर कराल?

मी केला. तीन आठवडे.

हिंदी मुलखातलं शहर, तिथल्या जानकीपुरम भागातली छोटी कंपनी. पाण्याच्या टाक्यांवरच्या सेन्सरसाठी आम्ही सी भाषेत प्रोग्राम लिहितो. प्रत्येक सेन्सरची माहिती एका स्ट्रक्चरमध्ये, म्हणजे नावं दिलेल्या कप्प्यांच्या साच्यात. सेन्सर बिघडला की त्यातलं एक फील्ड, म्हणजे एक कप्पा, चालू होतं, मग त्याचं रीडिंग कुणी घ्यायचं नाही. टीम लीडने त्या फील्डचं नाव ठेवलं होतं 'अछूत'.

मी नवी, प्रोबेशनवर. माझ्या कोडमध्ये मी 'खराब' लिहिलं. कोड तपासायच्या बैठकीत, रिव्ह्यूत, टीम लीड सरांनी ते मोठ्या पडद्यावर लावलं.

"मैडम, टीम का कन्वेन्शन नहीं पढ़ा? सही नाम क्या है? ज़रा ज़ोर से।"

मी बोलले. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे यार, सेंसर बुरा मान गया।" सगळे हसले. आणि मी तो शब्द लिहू लागले.

बाबा रेल्वेत. मानक नगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये भांड्यांपेक्षा चळवळीची पत्रकं जास्त. त्यांच्या घड्या घालतच मी वाचायला शिकले. एका रविवारी बाबांनी माझ्यापुढे चहा ठेवताना लॅपटॉपची स्क्रीन पाहिली.

"हे कुणी लिहिलं?"

"कंपनीचं आहे, बाबा."

"कंपनीला हात असतात का? लिहिलं कुणी?"

मी लिहिलं होतं.

सोमवारी मी मूळ फाइलमधलं ते नाव काढून 'खराब' केलं. फक्त तिथेच. स्ट्रक्चरमधलं नाव बदललं की जुनं नाव वापरणारी प्रत्येक फाइल अडते. सगळीकडे बदलणं एका मिनिटाचं काम होतं. मुद्दाम केलं नाही. ज्याने जिथे तो शब्द लिहिला, त्याने तिथे तो स्वतः पुसावा.

कुणाचाच प्रोग्राम चालेना. सर धावत आले. "नाम ही तो है! मशीन को क्या फ़र्क पड़ता है? वापस लो, नहीं तो प्रोबेशन यहीं ख़त्म।"

"मशीन को नहीं पड़ता, सर। मुझे पड़ता है। ख़त्म कीजिए।"

नोकरीचं अजून ठरलेलं नाही. मी रोज जाते. बदल मागे घेतलेला नाही, घेणार नाही.

तुम्हीही कुठेतरी काम करता. उद्या तिथल्या फाइली उघडा, रजिस्टरं उघडा. कुणाच्या जातीवरून ठेवलेलं नाव सापडलं तर खोडा. आणि बदल कुणी केला, तिथे स्वतःचं पूर्ण नाव लिहा. आडनावासकट.